पायाचे सांधे जोडण्याची शस्त्रक्रिया: काय करावे, काय टाळावे

(चाकूर आणि परिसरातील रुग्णांसाठी)

काय करावे

१. पायाचा एक्स-रे उभे राहून काढून घ्या. भार पडल्यावरच खरा बाक दिसतो.

२. कोणते सांधे जोडणार ते डॉक्टरांना विचारा. घोट्याखालचे तीन सांधे जोडले तरी घोटा वर-खाली हलतो, पण तळपाय आत-बाहेर वळत नाही.

३. तंबाखू, मिश्री, बिडी, गुटखा किमान ६ आठवडे आधी बंद करा. निकोटीनमुळे हाड जुळायला वेळ लागतो.

४. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा आणि आटोक्यात आणा.

५. पेरणी आणि सोयाबीन काढणी टाळून तारीख घ्या; सुमारे तीन महिने शेतकाम होणार नाही.

६. वॉकरवर एका पायाने चालण्याचा सराव आधीच करा, कमोडची खुर्ची घरी आणून ठेवा.

७. पहिले दोन आठवडे पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा, सूज उतरते.

८. जागे असताना दर तासाला बोटे हलवा, त्यांचा रंग पाहा.

९. बोटे निळी-गार किंवा बधिर झाली, प्लास्टरखाली कळ वाढत गेली, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

काय टाळावे

१. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पाय टेकवू नका, "जरा न्हाणीपर्यंत" म्हणूनही नाही. सहसा ६ आठवडे तरी थांबावे लागते.

२. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत तंबाखूची चिमूटही घेऊ नका.

३. प्लास्टर भिजू देऊ नका. खाज सुटली तरी आत काडी, सुई घालू नका.

४. प्लास्टर घरी कापू नका; घट्ट वाटले तर दवाखाना गाठा.

५. तपासणीसाठी लातूरला दुचाकीवर किंवा भरलेल्या काळी-पिवळीत जाऊ नका. पाय लांब ठेवता येईल अशी गाडी करा.

६. हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. आतले स्क्रू आणि कोवळे हाड हलते.

७. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका.

८. तळव्याची संवेदना गेली असेल तर अनवाणी चालू नका, गरम पाण्यात पाय शेकू नका.

९. प्लास्टर निघाल्यावर लगेच ढेकळांच्या रानात उतरू नका. न वळणारा तळपाय उंचसखल जमिनीवर तोल सावरू शकत नाही.

१०. दुखणे थांबले म्हणून पुढची तपासणी चुकवू नका. हाड जुळले की नाही, हे एक्स-रेच सांगतो.