माशी बदलण्याआधी

वर्सोवा, अंधेरी (पश्चिम)

चि. बाळ्या,

तुझ्या .२२ पिस्तुलाच्या गोळ्या २५ मीटरवर पाचेक सेंटिमीटर खाली लागतात, म्हणून तू पुढच्या साइटची, म्हणजे माशीची, पिन ठोकून काढणार आणि बुटकी माशी घरीच बसवणार, असं ताईकडून कळलं. हात लावू नकोस. शस्त्र कायदा, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. तुझा परवाना पिस्तूल बाळगण्याचा आहे.

मुळात दोष माशीचाच कशावरून? ट्रिगर झटक्याने ओढला तरी गोळी खालीच जाते. रेंजवर तेच पिस्तूल, त्याच खोक्यातली काडतुसं प्रशिक्षकांच्या हाती दे. त्यांच्याही गोळ्या खालीच लागल्या, तर मागची साइट वर घे. तिचे क्लिक संपले, तरच माशीचा विचार.

आता हिशेब बघ. दोन साइट्समधलं अंतर २२० मिलिमीटर धरलं, तर पाच सेंटिमीटरची चूक सुधारायला माशी ०.४४ मिलिमीटरनेच कमी करावी लागते. कानशीचे दोन हात जास्त पडले की गोळ्या वर जायला लागतील, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही.

इथल्या खाऱ्या हवेत पिन गंजून भोकातच धरते. कारागीर तिच्यावर रात्रभर तेल मुरू देतो. सकाळी नळी मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरून, पिनेच्याच जाडीचा पंच लावून हलके हलके ठोके देतो. पंच घसरला तर ओरखडा नळीवर उमटतो. नव्या माशीला पुष्कळदा भोकच नसतं. ती खाचेत घट्ट दाबून, नळीच्या जुन्या भोकातून ड्रिल घालावं लागतं. भोक केसभर सरकलं तरी माशी डुलते.

तुझ्या स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं. त्या तीन सेकंदांत नजर माशीवरच ठरायला हवी. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत याच प्रकारात २०१८ साली पालेम्बांगमध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकली. डुलणाऱ्या माशीवर तू कसली नजर ठरवणार?

मी ओळखीच्या परवानाधारक कारागिराशी बोललो आहे. तो शनिवारी दुकानात असतो. पिस्तूल रिकामं करून पेटीत घाल, परवाना बरोबर ठेव, आणि तो पिन काढताना शेजारी उभा राहून नीट बघ. माशी थोडी उंचच ठेवायला सांग. रेंजवर गोळ्या पाहून मग कमी करता येईल.

तुझा,
मामा