जुनी मोटारसायकल कशी ओळखावी?

गेल्या वर्षीं आमचा एक माजी विद्यार्थी एका जुन्या बुलेट मोटारसायकलीसंबंधीं सल्ला विचारण्यास आमच्याकडे आला. गाडी १९७२ सालची, इंजिन ५०० घनसेंटिमीटरचें व सर्व भाग मूळचे, असें विकणाऱ्याचें म्हणणें होतें. वडिलांनीं भविष्यनिर्वाह निधींतून काढून दिलेले पैसे मुलाजवळ होते व दुसऱ्या दिवशीं ते द्यावयाचे होते. "सर, गाडी दिसते तर फार सुंदर," एवढेंच तो म्हणाला. दिसणें आणि असणें यांतील अंतर कसें शोधावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम या गाडीचें कुळ पाहूं. रॉयल एनफील्ड बुलेट मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. आपल्या लष्करानें ती पसंत केल्यावर १९५५ सालीं मद्रास येथें तिचा कारखाना निघाला. पुढें इंग्लंडांतील काम बंद पडलें, तरी मद्रासचें चालूच राहिलें. एकाच नमुन्याच्या गाड्या अनेक दशकें निघाल्यामुळें एका काळचे भाग दुसऱ्या काळच्या गाडीस पुष्कळदां बसतात. दुरुस्तीच्या कामीं हें वरदान होय. ओळखीच्या कामीं मात्र हीच मोठी अडचण. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचें व टाकी तिसरीची, अशी गाडीही रस्त्यावर सुखानें धांवते.

म्हणून आम्हीं एका कागदावर तीन रकाने आंखले: 'सांगितलें', 'दिसलें' आणि 'मोजलें'. विकणाऱ्याचें सर्व म्हणणें पहिल्या रकान्यांत लिहिलें, आणि असा नियम केला कीं, स्वतः पडताळून पाहिल्यावांचून त्यांतील एक अक्षरही पुढील रकान्यांत जावयाचें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी पाहण्यास गेलों. आरंभ क्रमांकांपासून केला. सांगाड्याचा क्रमांक हँडलाच्या मानेवर असतो, व इंजिनाचा सिलिंडरच्या बुडाशीं क्रँककेसवर. चिखल व तेल पुसून दोन्ही वाचले. अंक सारख्या खोलीचे आहेत काय, भोंवतीं कानशीचे ओरखडे आहेत काय, हेंही पाहिलें. सांगाड्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं जुळला. इंजिनाचा जुळला नाहीं.

मग इंजिनाची जात पाहिली. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असतो. नंतरच्या इंजिनांचा अल्युमिनियमचा. येथें सिलिंडरला रुपेरी रंग दिला होता, त्यामुळें डोळा फसला असता. खिशांतील लोहचुंबक लावतांच तो घट्ट चिकटला; अर्थात् सिलिंडर बिडाचा ठरला. जुन्या गाडींत गिअरची पेटी निराळी असून इंजिनाच्या पाठीस बोल्टांनीं जोडलेली असते. सुमारें २००९ पासूनच्या इंजिनांत दोन्ही एकाच कवचांत आहेत. आमच्यापुढील गाडीची पेटी निराळी होती. गिअरची दांडी उजव्या पायाशीं होती, पहिला गिअर वर व बाकीचे तीन खालीं; शेजारीं न्यूट्रल शोधण्याची छोटी दांडीही होती. या सर्व खुणा जुन्या घडणीच्या. पुढील चाकाचा डिस्कब्रेक मात्र उघडच मागाहून बसविलेला. १९७२ सालीं या गाडीस ड्रमब्रेक असे.

आतां राहिला ५०० चा प्रश्न. तो डोळ्यांनीं सुटत नाहीं, कारण दोन्ही इंजिनें बाहेरून बरींच सारखीं दिसतात. विकणाऱ्याच्या संमतीनें मिस्त्रीनें सिलिंडरचें डोकें उतरविलें, व आम्हीं व्हर्निअर कॅलिपरनें आंतील व्यास घेतला. येथें तुमच्या भूमितीचा उपयोग आहे. दट्ट्या जेवढी जागा झाडून नेतो ती वृत्तचिति होय. तिचें घनफळ म्हणजे पायाचें क्षेत्रफळ गुणिलें उंची. जुन्या बुलेटच्या दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धांव ९० मिलिमीटरच असते, भेद व्यासाचा. ३५० च्या इंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर, म्हणून घनफळ सुमारें ३४६ घनसेंटिमीटर. ५०० च्या इंजिनाचा व्यास ८४, म्हणून सुमारें ४९९. आम्हांस व्यास ७१ मिलिमीटर आढळला. गणित करा: ३.१४१६ × ३.५५ × ३.५५ × ९, म्हणजे सुमारें ३५६.

यावरून दोन गोष्टी कळल्या. हें इंजिन ५०० चें नव्हे, ३५० चेंच. तसेंच झिजलेला सिलिंडर पूर्वीं पोखरून मोठा केलेला आहे व त्यांत मोठा दट्ट्या बसविलेला आहे. पोखरण्यास मर्यादा असते, कारण प्रत्येक वेळीं भिंत पातळ होते. म्हणून अशा इंजिनाचें पुढील आयुष्यही हिशेबांत धरावें लागतें.

क्रमांकाची बाब याहूनही गंभीर. इंजिन बदलणें हा स्वतः गुन्हा नव्हे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें त्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते व पुस्तकांत तशी नोंद व्हावी लागते. नोंद नसेल तर तें इंजिन कोणाच्या गाडींतून आलें, या प्रश्नाचें उत्तर शेवटीं घेणाऱ्यासच द्यावें लागतें.

कागद विकणाऱ्यापुढें ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, "मला देणाऱ्यानेंही ५०० च म्हणून सांगितलें होतें." तो लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या रकान्यांतील गोष्ट हातोहात पुढें गेली होती, आणि कोणीं कॅलिपर लावला नव्हता, इतकेंच. नोंद झाल्यावर योग्य किंमतीस पुन्हां बोलूं, असें ठरवून आमचा विद्यार्थी निघाला, आणि वडिलांचे पैसे तूर्त घरीं परत गेले.

तुमच्या घरीं जुनी सायकल असेल. येत्या सुटींत तिच्यासाठीं असेच तीन रकाने आंखा. सांगाड्यावरील क्रमांक शोधा, चाकांचा व्यास मोजा, पुढच्या व मागच्या चक्रांचे दांते मोजा, चुंबक लावून पाहा. पहिल्या रकान्यांतील किती गोष्टी तिसऱ्यापर्यंत पोंचतात तें आम्हांस येऊन सांगा.