कंपनीला दिलेला हिशेब आणि कंपनीने दिलेला हिशेब

संस्थेने समाजाशी असलेल्या आपल्या नात्याचा लेखी हिशेब द्यावा, ही कल्पना भारतात अलीकडची मानली जाते. कंपनी कायद्याचे (२०१३) १३५ वे कलम आणि ‘सेबी’ने २०२१ मध्ये ठरविलेला ‘व्यवसाय-दायित्व व शाश्वतता अहवाला’चा नमुना यांपासून तिचा आरंभ सांगण्यात येतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने न्या. एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून १९८० मध्ये करविलेले सामाजिक अन्वेक्षणही क्वचितच आठवले जाते. परंतु या लेखनप्रकाराचे एक पूर्वरूप दक्षिणेतील मराठी राज्याच्या इतिहासात आढळते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. छत्रांची उत्पन्नेही जातील, या भयाने दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ मध्ये मद्रास सरकारच्या रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे कार्य निवेदन केले. त्या निवेदनात वाटसरू आहे, आजारी आहे, गर्भवती आहे, पोरके मूल आहे. प्रत्येकासाठी छत्रात काय केले जाते, तेही आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांस अन्न मिळते, असा राजांचा दावा आहे. पत्र निःस्वार्थ नव्हे. सत्ता गेलेल्या राजाचे ते आर्जव आहे. तथापि लाभार्थी तेथे माणूस म्हणून उभा राहतो, हे मान्य करावेच लागेल.

आजच्या अहवालात नऊ तत्त्वे असतात, ‘अत्यावश्यक’ व ‘नेतृत्व’ असे निर्देशक असतात, आणि बहुतेक उत्तरे टनांत व टक्क्यांत द्यावयाची असतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांस २०२२-२३ पासून तो बंधनकारक झाला. अशा कोष्टकाचा उपहास करणे सोपे आहे. परंतु सरफोजींच्या पत्रात जे नाही, ते या कोष्टकात आहे : तक्रारींचा रकाना. छत्रातून उपाशी परतलेल्याविषयी पत्र काहीच बोलत नाही. अहवालाला मात्र स्थानिक लोकांच्या किती तक्रारी आल्या व किती प्रलंबित आहेत, हे सांगावेच लागते.

या रकान्याची मर्यादा चेन्नईच्या उत्तरेस दिसून येते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल बकिंगहॅम कालव्यामार्गे एन्नोरच्या खाडीत उतरले. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने चेन्नई पेट्रोलियम कॉर्पोरेशनकडे बोट दाखविले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या दक्षिण पीठाने प्रकरण स्वतःहून हाती घेतले. होड्या काळ्या पडल्या, जाळी निकामी झाली, मासळीस गिऱ्हाईक उरले नाही. मच्छीमारांनी हे सांगितले ते तमिळमध्ये आणि क्रमाने : आधी पाणी, मग जाळे, मग बाजार. अहवालाच्या रकान्यात असा क्रम मावत नाही. तेथे तक्रारींची संख्या मावते. अशा प्रसंगाचे कथन शोधणाऱ्या अभ्यासकास कंपनीच्या अहवालाइतकेच न्यायाधिकरणाचे दप्तरही वाचावे लागेल.