दोन भाषांची साक्ष

गडब, ता. पेण, जि. रायगड

चिरंजीवी भाचीस,

तुझे पत्र पोहोचले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या वर्गास शिवछत्रपतींचा इतिहास शिकवण्याचे काम तुझ्याकडे आले आहे. आणि ज्या मुलांना इंग्रजी वाक्य अद्याप धड जुळवता येत नाही, त्यांना त्याच भाषेतून हा विषय सांगू गेल्यास तो सनावळी आणि पाठ केलेली स्तुतिवाक्ये एवढ्यापुरताच उरेल, अशी तुला धास्ती वाटते. धास्ती रास्त आहे, परंतु दोष इंग्रजीचा नव्हे. इतिहास म्हणजे पाठांतर असे जेथे मानले जाते, तेथे तो मराठीतूनही निर्जीवच होतो. आणि इतिहास म्हणजे साक्षीपुराव्यांचा विचार असे जेथे मानले जाते, तेथे इंग्रजी शिकणारे मूल उलट अधिक भाग्यवान ठरते, कारण सतराव्या शतकातील कोकणचा एक जागरूक आणि स्वार्थी साक्षीदार त्याच भाषेत बोलत आहे.

तो साक्षीदार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. तिचा वकील हेन्री ऑक्झिंडन १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून चौलमार्गे रायगडास आला, तो महाराजांच्या फौजेने लुटलेल्या कंपनीच्या राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागण्यासाठी. ६ जूनचा महाराजांचा राज्याभिषेक त्याने पाहिला तो या कामाच्या ओघात. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली राजचिन्हे आणि सोन्याचा तराजू त्याने टिपून ठेवला. दरवाजाशी उभे असलेले दोन लहान हत्ती इतक्या बिकट वाटेने वर आलेच कसे, याचे त्याला नवल वाटले. आणि आपल्याबरोबरच्या नारायण शेणवी या दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरताच राजाची दृष्टी आपल्याकडे वळली, हेही त्याने लिहिले. या गोष्टी प्रथम मराठीतून रंगवून सांग, आणि मग मुलांकडून लहान लहान इंग्रजी वाक्यांत प्रश्न करवून घे: तू कोण, कोठून आलास, काय पाहिलेस, काय मागितलेस, काय मिळाले? भूतकाळाचे व्याकरण यातून आपोआप रुजेल. आणि प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या येण्याचे प्रयोजन विचारावे, ही त्याहून मोलाची सवय लागेल.

त्या वाटाघाटींतील एक कलम मुलांना अवश्य सांग. कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे अशी इंग्रजांची मागणी होती. त्यावर उत्तर मिळाले ते असे, की कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. नाणे कसाला आणि वजनाला उतरले तर ते चालेलच. राजा म्हणजे घोडा आणि तलवार एवढेच ज्या मुलाच्या मनात ठसले आहे, त्याला राजाचे खरे काम येथे दिसेल.

परंतु परक्याच्या साक्षीने राजा बाहेरून दिसतो. त्याचे मन कळावयाचे तर त्याची स्वतःची पत्रे वाचावी लागतात, आणि ती मराठीत आहेत. १६७१ साली कुडाळच्या सुभेदारास महाराजांनी लिहिलेले पत्र तू वर्गात घे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील मिठाची विक्री बसेल, हे ओळखून त्या परमुलखीच्या मिठावर जबर जकात बसवण्याची ताकीद त्यात आहे. ज्या पेण तालुक्यात मिठागरांवर कैक पिढ्यांचे पोट चालले, तेथील मुलास हे पत्र समजावून देण्यासाठी लांबलचक प्रस्तावना लागणार नाही. इंग्रजी माध्यम आहे म्हणून हे मराठी पत्र वगळू नकोस. मूळ मराठीतच ते वाचून दाखव, आणि मग मुलांना त्याचा आशय इंग्रजीत सांगू दे.

तिसरी गोष्ट आपल्या दाराशी घडलेली आहे. १६७९ साली महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईच्या तोंडावरच हे ठाणे नको म्हणून इंग्रजांनी आपली गलबते आडवी घातली. ऑक्टोबरच्या लढाईत दौलतखान या मराठ्यांच्या सरदाराच्या आरमाराने इंग्रजांचे एक गलबत पकडले, पण त्यांच्या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे त्याला माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीत शिरावे लागले. म्हणजे आपल्या खारेपाटाच्या कडेने धरमतरकडे जाणारी ही अंबा नदी, तिच्याच आश्रयास मराठ्यांची तारवे आली. त्या दिवशीची माघार मुलांपासून लपवू नकोस. तोफांचा तो सामना इंग्रजांनी जिंकला, तरी खांदेरीचे बांधकाम थांबले नाही, आणि १६८० च्या आरंभी तह करून इंग्रजांनाच बेटाचा नाद सोडावा लागला. विजयांचीच यादी ऐकत वाढलेले मूल पहिल्या विरोधी पुस्तकापाशी गोंधळते. माघार आणि तिच्यामागची चिकाटी ज्याने एकत्र पाहिली, त्याचा आदर कोणाच्या टीकेने ढळत नाही. भरतीच्या वेळी मुलांना खारबंदिस्तीवर आण; एवढ्या खाडीत केवढी गलबते येत असतील, याचा अदमास त्यांनाच करू दे.

साक्षीदाराला असे तपासून घेण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. १८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि प्रमाण मानला जाऊ लागला. परंतु १८६७ साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर साधार टीका वाचली. इंग्रजी विद्येने त्याला इंग्रज ग्रंथकारापुढे मान तुकवावयास लावली नाही. उलट त्या ग्रंथकाराची उलटतपासणी करण्याचे बळ दिले. तुझ्या वर्गातील मुलांना इंग्रजी यावी ती या कामासाठी.

तुझ्या स्वतःच्या अभ्यासासाठी १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने प्रसिद्ध केलेला कंपनीच्या इंग्रजी कागदपत्रांचा संग्रह ग्रंथालयातून मिळव, आणि त्याच्या शेजारी महाराजांच्या पत्रांचा एखादा मराठी संग्रह ठेव. एक वाचून दुसरे बाजूस सारले, तर एकाच पक्षाची कैफियत ऐकून निवाडा दिल्यासारखे होईल. वर्षभरात दहा प्रसंग कमी शिकवलेस तरी चालेल, परंतु जे शिकवशील त्याच्याविषयी हे आम्हांस कशावरून कळले, असा प्रश्न मुलाने दोन्ही भाषांत विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर तुझ्यापाशी असले पाहिजे.

 

तुझा मामा