सोसायटीतल्या म्हाताऱ्या मनीचा निरोप

प्रश्न : आमच्या सोसायटीतली मनी 14-15 वर्षांची आहे. खाणं सुटलंय, सारखी पाणी पिते, जिन्याखाली लपते. ‘मांजर मरायला एकटंच जातं, राहू द्या,’ असं शेजारी म्हणतात. तिला मरणाचं इंजेक्शन देणं पाप आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मनी मरणाची जागा शोधत नाहीये. तिला दुखतंय, अशक्तपणा आहे, म्हणून ती लपतेय. या वयात भूक जाऊन तहान वाढली, की बहुधा मूत्रपिंडाचं दुखणं असतं. मधुमेहही असू शकतो, म्हणून आधी रक्त तपासा. सलाइन आणि मळमळीच्या औषधाने काही मांजरं पुन्हा खाऊ लागतात. घरातली पॅरासिटामॉल मात्र मुळीच नको. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

उपचार लागू पडेनात, तर डॉक्टर भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. ती आधी झोपते, मग हृदय थांबतं. यात मला पाप दिसत नाही. उपाशी तडफडू देणं क्रूर वाटतं. तिला रोज खाऊ घालणाऱ्या सगळ्यांशी बोला. शेवटी ओळखीचा हात तिच्या अंगावर असू द्या.

दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी मांजराचं यकृत बिघडू लागतं. तिला उद्याच दवाखान्यात न्या.