कुत्र्यावरून गळलेली गोचीड कोठे जाते?

परभणीकडे जुन्या माळवदाच्या घरात ओसरीवर कुत्रे बांधलेले असते. त्याच्या गोचिड्या आज काढल्या, तरी काही दिवसांनी पुन्हा दिसतात. असे का? याचे उत्तर कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीत आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळ्याच्या नात्यातली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, पुढे आठ होतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा अंगावर चढते, पोटभर रक्त पिते आणि गळून पडते: दोनदा कात टाकण्यासाठी, तिसऱ्यांदा मादी अंडी घालण्यासाठी. त्यासाठी ती भिंतीच्या फटीत शिरते. एक मादी हजारावर अंडी घालते! शिवाय उपाशीपोटी गोचीड कित्येक महिने तग धरते.

कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि पट्ट्याखालची जागा रोज चाचपा. गोचीड सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा चटका नको. तिच्या लाळेतूनच एर्लिकिया, बाबेसिया हे रोगजंतू रक्तात शिरतात. तिला चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका व हात धुवा. कुत्रे मलूल झाले, हिरड्या फिक्या पडल्या, तर लगेच पशुवैद्यकाला दाखवा. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालयच आहे. औषधही विचारूनच वापरा, कारण कुत्र्यासाठीची काही औषधे मांजराला विषारी ठरतात.

आणि भिंत? तिच्या फटी सिमेंटने बुजवा, कुत्र्याचे गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा.