धनुष्याची पाठ आणि दोरी: साहित्य कुठे मिळवावे, कसे पारखावे

घरी धनुष्य करणाऱ्याचे काम बहुधा एकाच टप्प्यावर अडते. लाकूड मिळते, तासून आकारही येतो, पण पाठीला अस्तर कशाचे लावायचे आणि दोरी कशाची वळायची हे ठरत नाही. परदेशी चित्रफिती पाहून लोक हरणाची कंडरा, जवसाचा धागा शोधत बसतात. हरणाच्या कंडरेचा तर विचारच नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती मिळवणे गुन्हा आहे. लागणारे साहित्य आपल्या तालुक्याच्या गावी मिळते, मात्र ते धनुष्याच्या नावाने विकले जात नाही. बुरूड, हलगी मढवणारा, कापडवाला, ताग पेरणारा शेतकरी आणि चामडे शिवणारा कारागीर यांच्याकडे ते असते.

आधी अस्तर हवे की नको ते बघा. धनुष्य ओढले की आपल्याकडचे पोट दाबले जाते आणि पुढची पाठ ताणली जाते. मोडायला सुरुवात बहुधा पाठीवर होते, कारण तिथला एखादा तंतू सुटून वर येतो. अस्तराने हा तंतू दाबून धरायचा असतो. बांबूचे चिवट तंतू सालीखालीच सर्वांत दाट असतात, म्हणून साल पाठीकडे ठेवून केलेल्या बांबूच्या धनुष्याला अस्तर लागत नाही. धामणीच्या किंवा दुसऱ्या लाकडाच्या पाठीवर तासताना रेषा मध्येच कापल्या गेल्या असतील, तर मात्र अस्तर लावाच.

माझी पहिली पसंती बुरुडाकडच्या कामटीला. पिकलेल्या, सावलीत वाळलेल्या बांबूची, धनुष्याच्या लांबीची सलग कामटी मागा. किडीची भोके असलेली घेऊ नका. आतली बाजू रंध्याने सपाट करून जाडी 3 मिलिमीटरपर्यंत आणा. सालीच्या बाजूला हत्यार लावायचे नाही. पेरांचा उंचवटा पॉलिश कागदाने हलका उतरवा, मुळापासून कापू नका, नाहीतर कामटी नेमकी तिथेच मोडेल. लाकडाची पाठही सपाट करून एपॉक्सीने चिकटवा आणि सुतळीने किंवा शिकंज्यांनी टोकापासून टोकापर्यंत आवळून एक दिवस हलवू नका.

दुसरा पर्याय कच्च्या चामड्याचा. हलगी किंवा ढोलकी मढवणाऱ्याकडे शेळीचे केस काढलेले, न कमावलेले कातडे मिळते. पातळ घ्या, जाड कातड्याने भुजा जड होतात आणि बाण मंद सुटतो. चिकटवायला सुताराचा सरस. त्याचे खडे रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. सरस साधारण 60 अंशांवर ठेवायचा, उकळला की त्याची पकड जाते. कातडे थंड पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवा, पाठीला सरसाचा पातळ हात द्या आणि कातड्याची मांसाकडची बाजू लाकडावर बसवा. मधून बाहेर दाबत हवा काढा, कापडाची पट्टी गुंडाळा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवले तर कातडे आक्रसून कडा सुटतात.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर सरसाच्या वाटेला जाऊ नका. पावसाळी दमटपणात तो मऊ पडतो. तिथे जुन्या शुद्ध रेशमी साडीची पट्टी पाणी न लागणाऱ्या लाकूडचिकीने लावावी. रेशीम खरे आहे का ते दोन धागे जाळून कळते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पट्टी ताण्याच्या दिशेने उभी कापा. म्हशीच्या पायातली कंडरा कुटून, तंतू काढून सरसात बसवण्याची रीत जुनी आणि उत्तम आहे, पण ती वाळायला आठवडे लागतात आणि ओल तिला मुळीच सोसत नाही. पहिल्या धनुष्याला ती करू नये.

आता दोरी. अर्थशास्त्रात कौटिल्याने दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि स्नायू सांगितले आहेत. बांबूच्या चिंबाटीची दोरी ही भिल्लांची जुनी रीत आहे. आपल्यासाठी सर्वांत सोपा ताग, म्हणजे पिवळ्या फुलांचा, हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो. शेतकऱ्याने कुजवून, धुऊन काढलेला लांब वाख मागा. अंबाडीचा वाखही चालतो. गोणपाट उसवून काढलेली सुतळी आखूड तंतूंची आणि कच्ची असते, ती टाळा. वाख वळणे जमत नसेल तर चामडे शिवायचा मेणलेला पॉलिएस्टर दोरा घ्या. नायलॉन नको, तो ताणत राहतो.

कोणताही धागा आधी बादलीने पारखा. वर आडव्या गुळगुळीत दांड्याला धाग्याचे चार वेढे देऊन टोक बांधा, म्हणजे गाठीपाशी तुटून फसवणूक होणार नाही. बादलीच्या कडीलाही तसेच वेढे द्या. मग तांब्याने पाणी ओता, 1 लिटर म्हणजे 1 किलो. बादलीचे वजन मिळवायला विसरू नका. तीन वेळा करून सर्वांत कमी आकडा धरा.

धनुष्याचा जोर मोजायला कामचलाऊ जाड दोरी चढवा आणि सामान तोलायच्या लटकत्या काट्याने पूर्ण ओढीपर्यंत ओढा. दोरीची ताकद या जोराच्या चौपट तरी हवी. धनुष्य 14 किलोचे असेल तर दोरी 56 किलोची. धागा 4 किलोला तुटत असेल तर 14 धागे, म्हणजे सातसातचे दोन पेड.

150 सेंटिमीटरच्या धनुष्याला धागे 200 सेंटिमीटर कापा. टोके एकाच जागी न आणता थोडी मागेपुढे ठेवा, म्हणजे शेवट निमुळता येतो. पेडांना मधमाशीचे मेण चोळा. मेणबत्तीचे मेण भुरभुरीत असल्याने ते नको. टोकापासून 20 सेंटिमीटरवर एक पेड पकडून बाहेरच्या दिशेने पिळा आणि आपल्याकडे दुसऱ्यावर टाका. आता दुसरा पिळा, पहिल्यावर टाका. पीळ एकीकडे, गुंडाळी उलट, म्हणून सोडले तरी उलगडत नाही. 8 सेंटिमीटर वळल्यावर फास दुमडा, मोकळी शेपटी ज्या त्या पेडात मिसळा आणि तसेच पुढे वळत न्या. दुसऱ्या टोकाला फास करू नका. ओंडके ओढणारे मारतात ती सरकती गाठ मारा, म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. बाण बसतो त्या जागी सुती दोरा घट्ट गुंडाळा.

दोरी चढवल्यावर तिचे मुठीपासूनचे अंतर, मूठ वळून अंगठा उभा केल्यावर होते तेवढे, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या आसपास असावे. नवी दोरी अर्धा तास ताणावर ठेवून गाठ पुन्हा सरकवा. मग धनुष्य थोडेथोडे करत पूर्ण ओढीपर्यंत न्या आणि दर वेळी हळूच परत आणा. बाण नसताना दोरी कधीही सोडू नका, त्याने धनुष्य फुटते आणि डोळ्याला इजा होऊ शकते. दर वेळी चढवण्यापूर्वी फास आणि मधला भाग बोटाने चाचपून बघा. एकही धागा तुटलेला लागला तर ती दोरी राखीव म्हणून ठेवू नका, तिथल्या तिथे कापून टाका आणि नवी वळा.